दोन जावा, एक एस्टिमेट

करवीर तालुक्यातलं भोगावतीकाठचं एक गाव. अडीच एकर ऊस, गोठ्यात दोन म्हशी, एकत्र कुटुंब. घरात दोन जावा: थोरली ७८ वर्षांची, धाकटी ६६ वर्षांची. दोघींचेही गुडघे पुरते झिजलेले. कारखान्याचं पहिलं बिल खात्यावर आलं आणि घरात ठरलं, यंदा एकीची तरी गुडघ्याची वाटी बदलून घ्यायची.

एकीची म्हणजे धाकटीची. कारण सगळ्यांना उघड वाटत होतं. तिचं वय कमी, म्हणजे धोका कमी, खर्च कमी आणि पुढं वापरायला वर्षं जास्त. थोरलीचा मुलगा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. त्यानं स्वतःच सांगितलं, "साहेब, आईचं आता ऐंशीला आलंय. तिच्यावर दोन लाख घालायचे आणि आयसीयूत आणखी दोन लाख जायचे, ते परवडायचं नाही. काकीचं करूया." थोरली शेजारीच बसली होती. तिचंही म्हणणं तेच, "माझं काय, ओढतंय तोवर ओढायचं."

शस्त्रक्रियेआधी रुग्णाला 'फिटनेस' देण्याचं काम माझ्याकडे असतं. सर्जननी दोघींनाही तपासून पाठवलं होतं. त्यामुळे एकाच घरातली दोन माणसं, एकच आजार, एकच रुग्णालय आणि अक्षरशः एकच एस्टिमेट अशी जोडी समोर आली. वय आणि खंगलेपणा यांतलं नेमकं काय बिलावर चढतं, हे यापेक्षा स्पष्ट दिसणं कठीण. ओळख पटू नये म्हणून इतर घरांतले काही तपशील यात मिसळले आहेत, आणि रकमा कोल्हापुरातल्या मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात साधारण येतात तशा धरल्या आहेत.

एस्टिमेटचा कागद

एका गुडघ्याला १,८५,००० रुपये. त्यात इम्प्लांट, थिएटर, सर्जन आणि भूलतज्ज्ञांची फी, पाच दिवसांची खोली, नेहमीची औषधं आणि रुग्णालयातली फिजिओथेरपी. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात काय धरलेलं नाही त्याची ओळ होती: रक्त, आयसीयू, इतर तज्ज्ञांच्या व्हिजिट, पाच दिवसांपुढचा मुक्काम, शस्त्रक्रियेशी थेट संबंध नसलेली औषधं आणि तपासण्या.

या कागदाचा वरचा भाग वयानं बदलत नाही. इम्प्लांट ही त्यातली सर्वांत मोठी वस्तू, आणि तिची कमाल किंमत सरकारनं बांधलेली आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं ऑगस्ट २०१७ मध्ये आदेश काढून कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्यासाठी ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसाठी ७६,६०० रुपये अशी मर्यादा घातली, जीएसटी वेगळा. साठीचा माणूस असो की ऐंशीचा, धातूचा भाव तोच. थिएटरचा वेळ हाडाच्या वाकडेपणावर ठरतो, जन्मतारखेवर नाही.

फरक पडतो तो सगळा त्या तळाच्या ओळीत. आणि घरातली माणसं ती ओळ वाचत नाहीत, कारण वाचूनही तिच्यापुढे आकडा लिहिलेला नसतो. त्यांच्या मनात एक ढोबळ समज असते: म्हातारं माणूस म्हणजे ती ओळ लागणार, तरुण माणूस म्हणजे नाही लागणार. या घरानं निर्णय घेतला होता तो या समजुतीवर.

तपासणीत काय दिसलं

थोरलीपासून सुरुवात केली. रक्तदाबाची एक गोळी, बाकी काही नाही. वजन गेली कित्येक वर्षं ५४-५५ किलो. पहाटे उठून धार काढते, वैरण स्वतः टाकते, फक्त गुडघे वाकत नाहीत म्हणून स्टुलावर बसून. हिमोग्लोबिन १२.१. इकोत हृदयाचं पंपिंग चांगलं. हाताची पकड मोजायच्या यंत्रावर २० किलो. आशियाई तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये स्त्रियांसाठी १८ किलोच्या खाली ताकद कमी धरावी असं ठरवलं आहे. त्या रेषेच्या ती वर होती. पाय मात्र धनुष्यासारखे वाकलेले, धाकटीपेक्षा जास्त.

धाकटी खुर्चीतून उठली ती दोन्ही हात टेकून, दुसऱ्या प्रयत्नात. वजन ४२ किलो. वर्षापूर्वी ४८ होतं, ते सुनेच्या लक्षात राहिलं होतं कारण ब्लाऊज सगळे शिवून आत घ्यावे लागले होते. "जेवान जात न्हाई ओ साहेब," ती म्हणाली, "चहा-बटर खातो, तेवढं बास होतंय." पकड ११ किलो. हिमोग्लोबिन ८.८. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसी ९.४. रक्तातलं अल्ब्युमिन २.९, म्हणजे पोषण बरंच खालावलेलं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४, म्हणजे चढलेलं. वर्षात दोनदा पडली होती, एकदा न्हाणीत, एकदा परड्यात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला.

पिशवीतली औषधं टेबलावर ओतायला सांगितली. मधुमेहाच्या दोन, रक्तदाबाची एक, पित्ताची एक, झोपेची एक, दुकानातून आणलेल्या दोन प्रकारच्या वेदनाशामक गोळ्या, आणि कागदात बांधलेल्या बिननावाच्या पुड्या. गुडघेदुखीवर कुणीतरी देतं, घेतली की दोन दिवस बरं वाटतं, असं सांगितलं. चेहऱ्यावरची सूज, दंडावरची कागदासारखी पातळ झालेली कातडी आणि आवरत नसलेली साखर एकत्र पाहिल्यावर त्या पुडीत स्टेरॉइड असणार याबद्दल मला शंका उरली नाही. आपल्या भागात हे इतकं दिसतं की मी आता प्रत्येक सांधेदुखीच्या रुग्णाला पुड्यांबद्दल विचारतो, आणि विचारताना रागावत नाही, कारण रागावलं की पुढच्या वेळी त्या पिशवीतून येत नाहीत.

खंगलेपणा मोजायच्या पद्धती आहेत आणि त्या फार अवघड नाहीत. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच खुणा सांगितल्या: नकळत वजन घटणं, सततचा थकवा, पकड कमी होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त असतील तर माणूस खंगलेला. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या केनेथ रॉकवूड यांच्या गटानं २००५ मध्ये रोजच्या जगण्याकडे पाहून पायरी ठरवायची पट्टी दिली. ती आज १ ते ९ अशी वापरतात, आकडा वाढेल तसा खंगलेपणा जास्त. थोरली त्या पट्टीवर ३, धाकटी ५.

एक अडचण इथे ध्यानात ठेवावी लागते. गुडघ्याच्या रुग्णाची चाल दुखण्यानंच मंदावलेली असते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायची चाचणी घेतली तर थोरलीलाही वेळ लागला. म्हणून नुसत्या चालीवर निकाल देता येत नाही. हाताची पकड, वजनाचा वर्षभराचा आलेख, ताटात काय उरतं, घरात काम कोण करतं, हे पाहावं लागतं. गुडघा दुखत असला तरी हात दुखत नसतो. थोरलीचे हात घर चालवत होते. धाकटीचे हात चहाचा कप धरायला लागले तरी थरथरत होते.

खंगलेपणा म्हणजे शरीरातली बेगमी संपणं. पावसाळ्याआधी घरात भरलेलं धान्य-सरपण जसं अडीअडचणीला पुरतं, तशी स्नायू, रक्त, मूत्रपिंड, मेंदू यांची एक शिल्लक असते. शस्त्रक्रिया ती शिल्लक खाते. वय वाढलं की ती हळूहळू घटते हे खरं, पण ७८ वर्षांच्या बाईकडे ती असू शकते आणि ६६ वर्षांच्या बाईकडे नसू शकते. या घरात नेमकं तसंच होतं.

घराचा हिशेब उलटा का होता

आधी वयाचा भाग. वयामुळे खर्च अजिबात वाढत नाही असं मी म्हणणार नाही. इको सगळ्यांचाच होतो, पण ७८ व्या वर्षी त्यात काहीतरी सापडायची शक्यता जास्त. भूल देताना औषधांचं प्रमाण जपून ठेवावं लागतं, लघवी अडायची शक्यता जास्त, एखादा दिवस मुक्काम वाढू शकतो. शिवाय वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढल्यामुळे हाड फार झिजलेलं असतं, आणि मग साध्या इम्प्लांटला खाली आधाराची दांडी जोडावी लागते. थोरलीला ती लागणार हे एक्स-रेवरच दिसत होतं. पण हा खर्च वाट पाहण्याचा आहे, वयाचा नाही; दहा वर्षं आधी आली असती तर लागला नसता.

दुसऱ्या बाजूनं वय खर्च वाचवतंही, आणि ही बाजू घरात कुणी धरत नाही. कृत्रिम गुडघा झिजून किंवा सैल होऊन पुन्हा बदलावा लागणं हा खरा मोठा खर्च. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असं दिसलं, की सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांना हयातीत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. थोरलीचा गुडघा तिला जन्मभर पुरणार होता. "आता किती वर्षं राहिलीत" हे वाक्य तिच्याविरुद्ध वापरलं जात होतं. पैशाच्या हिशेबात ते तिच्या बाजूनं होतं.

आता खंगलेपणाचा भाग. धाकटीची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात केली असती तर तळाच्या ओळीतली एकेक वस्तू कशी लागली असती ते मी थोरलीच्या मुलाला कागदावर मांडून दाखवलं.

हिमोग्लोबिन ८.८ वर गुडघा केला की रक्त चढवावं लागणार, एक किंवा दोन पिशव्या. स्टेरॉइड अचानक तुटलं की रक्तदाब घसरतो, म्हणून आयसीयूत निगराणी. साखर ९.४ च्या पातळीवर असताना जखम भरायला वेळ, म्हणजे मुक्काम लांबणार. क्रिएटिनिन आधीच चढलेलं, त्यात शस्त्रक्रिया, म्हणजे मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांची व्हिजिट. झोपेची गोळी, अधू दृष्टी आणि अशक्त मेंदू असं सगळं एकत्र असताना रात्री भ्रम होण्याचा धोका मोठा, आणि भ्रमात माणूस उठून पडलं तर नवीन गुडघ्याच्या वरचं हाड मोडू शकतं.

आणि या सगळ्यांहून जड म्हणजे जंतुसंसर्ग. आवरत नसलेली साखर, कमी अल्ब्युमिन, रक्तक्षय या तिन्ही गोष्टी कृत्रिम सांध्यात जंतू बसण्याचा धोका वाढवतात. एकदा खोलवर संसर्ग झाला तर बहुतेक वेळा इम्प्लांट काढून, काही आठवडे प्रतिजैविकांचं सिमेंट ठेवून, मग नवा घालावा लागतो. म्हणजे आणखी दोन शस्त्रक्रिया, मध्ये महिनोन्‌महिने औषधं. फेरबदलाच्या इम्प्लांटची २०१७ च्या आदेशातली मर्यादाही नेहमीच्या पहिल्या गुडघ्याहून जास्त होती. ज्या घरात पहिल्या दोन लाखांसाठी सोसायटीचं कर्ज काढायचा विचार चालला होता, तिथे हे झालं असतं तर जमीन गेली असती. मी हे शब्द मुलासमोर असेच वापरले. भीती घालायला नाही. अशी घरं मी पाहिली आहेत.

मुलानं बराच वेळ कागदाकडे पाहून विचारलं, "मग काकीचं करायचंच नाही का?"

करायचं. पण आधी थोरलीचं, आणि मधल्या काळात धाकटीची तयारी. हा क्रम सुचवण्यामागे आणखी एक कारण होतं, ते घरातल्या मनुष्यबळाचं. शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे कुणीतरी सोबतीला लागतं. थोरलीला कमी लागेल, आणि ती उभी राहिली की धाकटीला सांभाळायला घरातच एक माणूस तयार होईल. उलट क्रमात धाकटीच्या मागे सून अडकली असती, थोरली गुडघ्यानं जखडलेली, आणि गोठा उघड्यावर.

अकरा आठवडे

धाकटीच्या तयारीत काय केलं ते मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच.

पुड्या बंद, पण एकदम नाही. ठरलेल्या मात्रेचं स्टेरॉइड देऊन ते आठवड्या-आठवड्यानं उतरवलं. वेदनाशामक बंद करून पॅरासिटामॉल आणि शेक. झोपेची गोळी कमी करत थांबवली. साखरेसाठी इन्सुलिन सुरू केलं. सुनेला टोचायला शिकवलं, ती दुसऱ्याच दिवशी पटाईत झाली. लोहाचं इंजेक्शन सलाइनमधून, बी-बाराची इंजेक्शनं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून मोफत झाली, आणि त्यानंतर पडणं थांबलं.

जेवणाचं मात्र सोपं नव्हतं. तिच्या वजनाला रोज ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवी होती. गोठ्यात दोन म्हशी, आणि हिच्या वाट्याला दूध चहापुरतं. बाकी सगळं डेअरीला, कारण दहा दिवसांच्या बिलावर घरचा किराणा चालतो. शिवाय ती जेवायची सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं. मी रोज अर्धा लिटर दूध घरात ठेवायला सांगितलं तेव्हा घरात खरी चर्चा झाली ती त्यावर, इन्सुलिनच्या खर्चावर नाही. शेवटी थोरलीनंच निकाल लावला. धार ती काढते, डेअरीला जायच्या आधीच तिनं तांब्या बाजूला काढायला सुरुवात केली. दोन अंडी, वाटीभर उसळ, अर्धा लिटर दूध, आणि ताट सगळ्यांच्या बरोबरीनं. खंगलेल्या बाईच्या औषधचिठ्ठीवर हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितो, आणि घरातल्या पुरुषांना वाचून दाखवतो.

व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं, पलंगाला टेकून मांडीचा स्नायू आवळणं, पायाला छोटी वाळूची पिशवी बांधून उचलणं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा, बाकीचे दिवस नातवंडं मोजणीला. न्हाणीत कठडा, कमोड खुर्ची, सोप्यातून परड्यात उतरायच्या पायरीला आधाराचा पाइप.

अकरा आठवड्यांनी वजन ४४.५, हिमोग्लोबिन ११.६, एचबीएवनसी ७.६, अल्ब्युमिन ३.५, क्रिएटिनिन १.१, पकड १४ किलो. ती खंगलेलीच होती, थोरलीच्या जवळपासही नव्हती. पण बेगमीत चार दाणे पडले होते. या सगळ्याचा खर्च, तपासण्या, इंजेक्शनं, फिजिओथेरपी, खुराक आणि कठडे धरून, २४,००० रुपये.

दोन बिलं

थोरलीची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली. दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभी, चौथ्या दिवशी घरी. रक्त नाही, आयसीयू नाही. बिल २,०२,०००. वरचे १७,००० आधाराच्या दांडीचे आणि त्यामुळे लांबलेल्या थिएटरच्या वेळेचे. घरी वॉकर, कमोड खुर्ची आणि फिजिओथेरपी यांत ११,००० गेले. एक नुकसान बिलात नव्हतं: धार काढणारी माणूस दीड महिना खाटेवर, त्यामुळे डेअरीचं दूध निम्म्यावर आलं. कामाचं म्हातारं माणूस आजारी पडलं की घराला काय पडतं, हे त्या दहा दिवसांच्या बिलावर दिसलं. तिला "आता किती वर्षं" म्हणणाऱ्यांना तो आकडा मी पुन्हा काढून दाखवला.

धाकटीची मेमध्ये झाली. पहिली रात्र ठरवूनच हाय डिपेन्डन्सीमध्ये, म्हणजे आयसीयूच्या एक पायरी खालच्या निगराणी कक्षात, ७,५००. रक्त लागलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी भ्रम सुरू झाला: सलाइन ओढायला लागली, गेलेल्या आईला हाका मारायला लागली. लघवीची नळी लगेच काढली, चष्मा लावला, खोलीतला दिवा चालू ठेवला, झोपेचं इंजेक्शन टाळलं, आणि उशाशी थोरली. "आक्का हितं हाय" एवढं कळलं की ती शांत व्हायची. चौथ्या दिवशी ओळखीनं बोलू लागली. आठव्या दिवशी घरी. तीन जादा दिवसांचे १३,५००, व्हिजिटचे ६,०००, तपासण्यांचे ९,०००, इन्सुलिन आणि इतर औषधांचे ८,०००. बिल २,२९,०००, तयारीचे २४,००० वेगळे. सून दोन महिने भांगलणीला गेली नाही, त्या मजुरीचे १५,००० घराच्या हिशेबात.

म्हणजे बारा वर्षांनी लहान असलेली जाऊ थोरलीपेक्षा पन्नास हजारांहून अधिक महाग पडली, आणि हे तयारी करून, संसर्ग न होता, रक्त न लागता.

आधार कार्डावर काय लिहिलेलं नसतं

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट अशी की आपल्या सगळ्या व्यवस्था वय मोजतात. ते कार्डावर छापलेलं असतं, म्हणून. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं. चांगली योजना आहे आणि तिनं पुष्कळ घरं वाचवली. पण त्या दारातून थोरली आत जाते, धाकटी बाहेर राहते. धाकटीला आधार महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा. आणि कार्ड हातात असणं वेगळं, निवडलेलं रुग्णालय त्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असणं वेगळं. या घरानं निवडलेलं रुग्णालय नव्हतं, म्हणून दोन्ही बिलं खिशातून गेली. भरती होण्याआधी योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला हे विचारून घ्यावं, दाखल झाल्यावर नाही.

योजनेत असतं तरी खोल प्रश्न उरतोच. पॅकेज शस्त्रक्रियेचं असतं, माणसाचं नाही. थोरलीसाठी आणि धाकटीसाठी रुग्णालयाला मिळणारी रक्कम एकच. धाकटीसारखा रुग्ण घेतला की रुग्णालय तोट्यात, म्हणून ते तिला घेत नाही, "फिट नाही" म्हणून परत पाठवतं, किंवा जास्तीचं बाहेरून आणायला सांगतं. मी रुग्णालयांना सरसकट दोष देणार नाही. रक्कमच तशी बांधली की वागणूक तशीच होते. अमेरिकेतही हेच झालं. तिथल्या मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेनं एप्रिल २०१६ मध्ये ६७ महानगर भागांत गुडघा आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेपासून घरी गेल्यावरच्या ९० दिवसांपर्यंतचा सगळा खर्च एका रकमेत बांधला. पुढे २०२१ मध्ये योजना वाढवताना रुग्णाचा वयोगट, जोडीच्या आजारांची संख्या आणि गरिबी यांनुसार रक्कम कमी-जास्त करण्याची सोय त्यांना करावी लागली. तिथेही खंगलेपणा थेट मोजला गेला नाही, पण नुसत्या शस्त्रक्रियेच्या नावावर भाव बांधणं पुरत नाही हे मान्य झालं.

मला वाटतं, आपल्या पॅकेजात शस्त्रक्रियेआधीच्या दोन महिन्यांसाठी एक छोटी वेगळी रक्कम असायला हवी: लोहाचं इंजेक्शन, साखर, आहार, फिजिओथेरपी यांसाठी. आज दाखल होण्यापूर्वीच्या मोजक्या दिवसांच्या तपासण्या धरल्या जातात. ११ आठवड्यांची तयारी कुठल्याच रकान्यात बसत नाही. खासगी विम्यातही तसंच. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकानं पॉलिसी घ्यायची ६५ वर्षांची अट काढून टाकली, पण सांधेबदलाला प्रतीक्षाकाळ असतो आणि ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींत बिलाचा काही हिस्सा स्वतः भरावा लागतो. तो हिस्सा टक्केवारीत असतो, म्हणजे बिल फुगलं की तोही फुगतो. खंगलेल्या माणसाला तिथेही दुहेरी मार.

खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णाला यातलं काहीही लागू नाही, हे इथे सांगायलाच हवं. तिथे ११ आठवडे नसतात. एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर बरं, उशीर हाच धोका. खंगलेला रुग्ण असला तरी थांबायचं नाही. थांबून तयारी करायची चैन फक्त झिजलेल्या गुडघ्याला आणि झिजलेल्या खुब्यालाच मिळते, आणि म्हणून ती वाया घालवू नये.

आत्ता

गुडघ्याचा विचार करणाऱ्या घरांना मी एवढंच विचारायला सांगतो: गेल्या वर्षी वजन किती होतं, हिमोग्लोबिन किती, तीन महिन्यांची साखर किती, वर्षात किती वेळा पडलं, पुड्या कुठल्या, आणि सोबतीला सहा आठवडे कोण आहे. याची उत्तरं घेऊन सर्जनकडे गेलं, तर तळाच्या ओळीपुढे अंदाजाचा आकडा लिहून मागता येतो. आयसीयूचा दिवसाचा दर, जादा मुक्कामाचा दर, रक्ताच्या पिशवीचा दर. हे तीन दर एस्टिमेटवर लिहून द्यायला कुठलंही रुग्णालय तयार होतं, मागितलं तर.

थोरलीचा दुसरा गुडघा पुढच्या उसाच्या बिलावर करायचा ठरलाय. या वेळी तिचा मुलगाच तारीख विचारायला आला होता. तिच्या त्या दीड महिन्यात धार काढायला शेजारच्या पोराशी आधीच बोलणं झालंय, महिन्याच्या पगारावर. धाकटीचा दुसरा गुडघा आम्ही आत्ता करत नाही. तिचं वजन ४७ वर गेलंय, काठी घेऊन ती डेअरीपर्यंत जाऊन येते, व्यायाम चालू आहे. दिवाळीनंतर पुन्हा पकड, हिमोग्लोबिन आणि साखर पाहू आणि मग ठरवू. तोवर दूध घरात ठेवायचं, डेअरीला नाही, हे सुनेला पुन्हा बजावून सांगितलं आहे.